गँग ऑफ फोर पुन्हा एकत्र आले, तेव्हा नेमके काय परत आले?

प्रश्न (रत्नागिरी)

नमस्कार. रत्नागिरीत आम्ही काही मंडळी महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी जमतो आणि एखाद्या कलाकाराचे ध्वनिमुद्रण मध्ये न बोलता पूर्ण ऐकतो. चर्चा नंतर, चहाबरोबर होते. आमच्यापैकी बहुतेकांचा कान नाट्यसंगीत, भावगीत आणि भजन यांवर तयार झालेला आहे, तरी अलीकडे आम्ही जॅझ ऐकले आणि जमैकातले रेगेही ऐकले. नवरात्रानंतरच्या बैठकीसाठी मी इंग्लंडमधील लीड्सच्या गँग ऑफ फोर या पोस्ट-पंक (म्हणजे पंक रॉकच्या पाठोपाठ आलेल्या प्रवाहातल्या) बँडचे नाव सुचवले आहे, आणि विषय ठेवला आहे तो त्यांच्या पुन्हा एकत्र येऊन केलेल्या दौऱ्यांचा.

ज्यांना हा बँड परिचित नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. लीड्स विद्यापीठात ललित कलेचे शिक्षण घेणाऱ्या जॉन किंग आणि अँडी गिल या शाळेपासूनच्या मित्रांनी १९७६ च्या सुमारास तो सुरू केला. किंग गात, गिल गिटार वाजवत, ह्यूगो बर्नहॅम ड्रम्सवर आणि डेव्ह ॲलन बेस गिटारवर असत. सप्टेंबर १९७९ मध्ये ‘एंटरटेनमेंट!’ हा त्यांचा पहिला अल्बम आला. १९८१ मध्ये ॲलन बाहेर पडले, पुढे बर्नहॅमही गेले आणि १९८४ पर्यंत बँड थांबला. नव्वदच्या दशकात किंग आणि गिल यांनी त्याच नावाने दोन अल्बम केले, परंतु मूळ चौघे पुन्हा एका मंचावर आले ते २००५ च्या दौऱ्यात. १ फेब्रुवारी २०२० रोजी गिल यांचे निधन झाले. २०२५ मध्ये किंग आणि बर्नहॅम यांनी गिटारवर टेड लिओ आणि बेसवर गेल ग्रीनवुड यांना घेऊन निरोपाचा दौरा केला, आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये ॲलन यांचेही निधन झाले.

आमच्यातले एक ज्येष्ठ सदस्य म्हणतात की वीस-पंचवीस वर्षांनी जुनी गाणी घेऊन गावोगाव फिरणे हा केवळ जुन्या नावावर केलेला व्यवहार आहे. दुसऱ्यांचे म्हणणे असे की २००५ चा दौरा एक वेळ मान्य करता येईल, पण चौघांपैकी दोघेच उरले असताना ते नाव लावणे योग्य नाही. मला स्वतःला ही दोन्ही मते पटत नाहीत, मात्र माझी बाजू मला नीट मांडता येत नाही. आपल्या किनाऱ्यावरच्या जाणकारांनी सांगावे की या दौऱ्यांकडे कसे पाहावे, आणि ज्यांनी हे संगीत कधीच ऐकलेले नाही त्यांना ते कसे ऐकवावे.

उत्तर (मालवण)

आपण हा विषय निवडलात याचा मला मनापासून आनंद झाला. मी जत्रा, भजने आणि लग्नसमारंभ यांच्या ध्वनिव्यवस्थेचे काम करतो आणि हा बँड माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे, म्हणून दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. माझ्या मते पहिल्याचे उत्तर त्याच्याच पोटात आहे.

या बँडचे वैशिष्ट्य काय वाजते यापेक्षा काय वाजत नाही यात आहे. रॉक संगीतात गिटार बहुधा सगळी जागा भरून टाकते. अँडी गिल यांनी उलट केले. ते एक तुटक, धारदार फटका मारत आणि हात थांबवत. मग दोन मात्रांची पोकळी येई आणि त्या पोकळीत बेस आणि ड्रम्स ऐकू येत. त्यांनी व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरची ऊब मुद्दाम टाळली आणि ट्रान्झिस्टरचे अँप्लिफायर वापरले, कारण त्यांना कोरडा, कडक आवाज हवा होता. गिटारची लांबलचक एकल फिरत तर त्यांनी जवळजवळ हद्दपारच केली. गाण्याची चाल पुष्कळदा ॲलन यांच्या बेसकडे असते, तालाची गुंफण बर्नहॅम यांच्याकडे, आणि गिटार हे मधूनमधून येणारे आघातवाद्य होऊन बसते. चौघांपैकी कोणीही दुसऱ्याच्या मागे साथीला बसलेला नाही. ‘एंटरटेनमेंट!’मधील गाण्यांचे श्रेयही चौघांच्या नावावर आहे, आणि कानाला ते पटते.

आता प्रत्यक्ष ऐकवण्याबद्दल. आपल्याकडे भजनाचा माईक लावला की इको द्यायचाच, अशी पद्धत पडली आहे. बुवांनाही तो हवा असतो आणि श्रोत्यांनाही. या संगीतात इको, रिव्हर्ब यांपैकी काहीही चालणार नाही. मिक्सरवरची ती बटणे पूर्ण शून्यावर ठेवा. त्याहून महत्त्वाचे आहे ते तुमचे सभागृह. चिऱ्याच्या उघड्या भिंती आणि वर पत्र्याचे छप्पर असेल, तर आधी मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजवून पाहा. टाळीनंतर वर पत्र्यात झणझण उरत असेल, तर गिल यांनी मोकळ्या सोडलेल्या सगळ्या जागा तुमचे छप्पर भरून टाकेल आणि श्रोत्यांना नुसता गोंगाट ऐकू येईल. जमिनीवर सतरंज्या अंथरा, मागच्या भिंतीला जाड पडदे किंवा गोधड्या लावा आणि आवाज मर्यादेत ठेवा. शक्य असल्यास सभागृहाऐवजी कोणाच्या तरी घरची सामानाने भरलेली खोली निवडा.

आणखी एक बाब किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी. खाऱ्या हवेने जॅकच्या पितळी टोकांवर हिरवट थर चढतो आणि आवाजाच्या बटणात खरखर येते. भावगीत लावले तर ती खरखर लपून जाते, पण इथे प्रत्येक फटक्यानंतर शांतता आहे आणि त्या शांततेत ती स्पष्ट ऐकू येईल. बैठकीच्या आदल्या दिवशी जॅक पुसून घ्या, बटणांत कॉन्टॅक्ट क्लिनर मारा, आणि स्पीकरच्या एकाच बॉक्सवर भागवू नका. दोन बॉक्स हवेत.

पहिल्या प्रश्नाबद्दल माझे मत एवढेच की २००५ मध्ये परत आले ते चार चेहरे नव्हते, चौघांनी मिळून सांभाळलेली ती मोकळी जागा होती. दौऱ्याच्या ध्वनिचित्रफिती पाहताना मी बर्नहॅम यांचा उजवा पाय आणि ॲलन यांची बोटे एवढेच पाहतो. ती दोन एकमेकांना धरून आहेत की नाहीत, यावर मी तो दौरा खरा की खोटा ते ठरवतो, आणि ती एकमेकांना धरून आहेत.

उत्तर (चिपळूण)

मालवणच्या मित्रांनी कानाची बाजू उत्तम मांडली आहे. मी व्यवहाराची बाजू मांडू इच्छितो, कारण “केवळ व्यवहार” हा आक्षेप या बँडच्या बाबतीत फार वरवरचा आहे.

१९७९ मध्ये त्यांचे ‘ॲट होम ही इज अ टूरिस्ट’ हे गाणे विक्रीच्या यादीत चढू लागले होते आणि बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या कार्यक्रमात त्यांना बोलावणे आले. त्या काळी या एका कार्यक्रमाने गाण्याचे नशीब पालटत असे. गाण्यातला एक शब्द कौटुंबिक प्रेक्षकांसाठी बदला, असे त्यांना सांगण्यात आले. दुसरा शब्द वापरण्याची तयारी त्यांनी दाखवली होती, पण बीबीसीला हवा असलेला गुळमुळीत शब्द घेण्यास त्यांनी नकार दिला आणि कार्यक्रमातून ते बाहेर पडले. १९८२ मध्ये ‘आय लव्ह अ मॅन इन अ युनिफॉर्म’ चांगले चालू लागले, तेव्हा ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यात फॉकलंडचे युद्ध सुरू झाले आणि बीबीसीने ते गाणे वाजवणे बंद केले. पैसा हेच ज्यांचे ध्येय असते ती माणसे आपल्या उमेदीच्या वयात असे वागत नाहीत.

यानंतर २००५ कडे पाहा. मधल्या काळात ॲलन यांनी श्रीकबॅक हा बँड काढला आणि पुढे ते इंटरनेटवरील संगीताच्या व्यवसायात गेले, बर्नहॅम संगीत व्यवसायात काम करून अध्यापनाकडे वळले, गिल इतरांच्या अल्बमची निर्मिती करत राहिले. रेड हॉट चिली पेपर्सचा १९८४ मधील पहिला अल्बम त्यांनीच केला होता. दरम्यान फ्रँझ फर्डिनंड, ब्लॉक पार्टी, द रॅप्चर अशा तरुण बँडांनी गँग ऑफ फोरच्या पद्धतीची गिटार वाजवून मोठे नाव कमावले. ज्यांच्या वाद्यांतून ही पद्धत निघाली त्या चौघांना मात्र, त्यांच्याच सांगण्यानुसार, मूळ ध्वनिमुद्रणांवरून काही मिळत नव्हते. म्हणून त्यांनी २००५ मध्ये ‘रिटर्न द गिफ्ट’ हा अल्बम काढला आणि त्यात आपली जुनी गाणी पुन्हा नव्याने ध्वनिमुद्रित केली. जुन्या मुद्रणावर हक्क ईएमआय कंपनीचा होता, नव्यावर त्यांचा स्वतःचा. आपण आयुष्यभर ज्याचे विश्लेषण गाण्यांतून केले त्या मालकीच्या प्रश्नाला त्यांनी स्वतःच्या बाबतीत असे उत्तर दिले, आणि मला त्यात कमीपणा दिसत नाही. कलाकाराने उपाशी राहून पवित्र राहावे, ही अपेक्षा ठेवणारे बहुधा स्वतः दरमहा वेतन घेत असतात.

पब्लिक इमेज लिमिटेड या दुसऱ्या महत्त्वाच्या पोस्ट-पंक बँडचे उदाहरणही बैठकीत सांगा. त्याचे गायक जॉन लायडन यांनी लोण्याच्या एका ब्रिटिश कंपनीची दूरचित्रवाणीवरील जाहिरात केली तेव्हा त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली. त्या पैशातून त्यांनी २००९ मध्ये आपला बँड पुन्हा उभा केला आणि दौरा काढला. पैसा कुठून आला याइतकेच तो कुठे गेला हेही पाहिले पाहिजे.

असे असले तरी ‘रिटर्न द गिफ्ट’ मला आवडत नाही, हे स्पष्ट सांगतो. नव्या मुद्रणात ड्रम्स भरदार झाले, आवाज मोठा झाला, आणि मालवणकरांनी वर्णिलेली कोरडी पोकळी निम्म्याने बुजली. ‘नॅचरल्स नॉट इन इट’ हे गाणे आधी १९७९ चे आणि लगेच २००५ चे असे ऐकवा. तुमच्या श्रोत्यांना पाश्चात्य संगीताची काहीही माहिती नसली तरी फरक कळेल. हेच गाणे २००६ मधील ‘मारी आंत्वानेत’ या चित्रपटाच्या प्रारंभी वाजते आणि नंतर मायक्रोसॉफ्टच्या काइनेक्ट या खेळाच्या यंत्राच्या जाहिरातीतही ते वापरले गेले. फुरसतीचा वेळसुद्धा बाजारपेठ कशी गिळते, याविषयीचे हे गाणे खेळाचे यंत्र विकण्यासाठी वापरले जावे, याचे मला आजही वाईट वाटते. तुमच्या ज्येष्ठ सदस्यांना आक्षेप घ्यायचाच असेल, तर तो दौऱ्यावर न घेता या जाहिरातीवर घ्यावा.

उत्तर (सावंतवाडी)

नावाच्या प्रश्नावर मला बोलावेसे वाटते. आमच्या भागात दशावताराची नाट्यमंडळे पिढ्यान्‌पिढ्या एकाच नावाने चालत आली आहेत. राजपार्ट करणारा नट म्हातारा होतो, स्त्रीपार्ट करणारा दुसऱ्या मंडळात जातो, पेटीवर बुवांच्या जागी त्यांचा शिष्य बसतो, आणि तरीही देवळासमोर मंडळाचे नाव पुकारले की लोक त्याच विश्वासाने बसतात. लिखित संहिता नसते; आख्यान ठरते, कोणी कुठे यायचे ते ठरते आणि बाकीचे रंगमंचावर घडते. मंडळ टिकते ते या शिस्तीमुळे. जुन्या नटाची आठवण काढणारा प्रेक्षक नव्या नटाला नाकारत नाही, तो त्याला त्याच कसोटीवर घासून पाहतो.

म्हणूनच २०२५ च्या दौऱ्याला केवळ संख्येवरून नाकारणे मला अयोग्य वाटते. या बँडच्या गाण्यांची रचनाच अशी आहे की प्रत्येक वाद्याची जागा आखून दिलेली आहे, आणि ती शिस्त समजून घेणारा वादक त्या जागी उभा राहू शकतो. हे पूर्वीही घडले आहे. १९८१ नंतर ॲलन यांच्या जागी सारा ली आल्या, १९८२ च्या अल्बमवर त्यांचाच बेस आहे, आणि २०२२ च्या दौऱ्यात किंग आणि बर्नहॅम यांच्याबरोबर त्याच होत्या; तेव्हा गिटारवर डेव्हिड पाहो होते. बदलत्या माणसांनिशी चालणे हा या बँडच्या इतिहासाचाच भाग आहे.

उलट एक गोष्ट फारशी कोणी बोलत नाही. २०१२ च्या सुमारास किंग बाहेर पडल्यावर मूळ चौघांपैकी एकटे अँडी गिल तरुण वादकांना घेऊन गँग ऑफ फोर याच नावाने नवे अल्बम काढत राहिले आणि दौरे करत राहिले. एकट्या गिटारवादकाने नाव चालवले तेव्हा ते चालते, आणि गायक व ड्रमर यांनी चालवले की ते चालत नाही, हा न्याय कोणता? मला वाटते, गिटार हाच बँडचा आत्मा असतो हा रॉकच्या श्रोत्यांचा जुना समज यामागे आहे. हा बँड तर तो समज मोडण्यासाठीच उभा राहिला होता.

गिल यांच्या निधनानंतर २०२१ मध्ये ‘द प्रॉब्लेम ऑफ लेजर’ हा त्यांच्या गाण्यांचा श्रद्धांजलीपर अल्बम निघाला, त्यात अनेक देशांतल्या कलाकारांनी ही गाणी आपापल्या पद्धतीने गायली. ज्यांनी या बँडला कधी पाहिलेही नसेल अशांनी ही गाणी उचलली, तर मग किंग आणि बर्नहॅम यांनी ती का गाऊ नयेत?

उत्तर (अलिबाग)

वरील तिन्ही उत्तरे मी आदराने वाचली, पण माझे मत काहीसे वेगळे आहे आणि तुमच्या बैठकीत तेही मांडले जावे असे वाटते. पुन्हा एकत्र आलेल्या बँडची परीक्षा मी एकाच गोष्टीवर घेतो: त्यांनी नवीन काय केले?

बोस्टनच्या मिशन ऑफ बर्मा या बँडकडे पाहा. गिटारवादक रॉजर मिलर यांच्या कानांत सतत आवाज येऊ लागले, म्हणजेच टिनिटसचा विकार बळावला, म्हणून १९८३ मध्ये तो थांबला. तोवर त्यांचा एकच पूर्ण अल्बम निघाला होता. २००२ मध्ये ते परत आले, तेव्हा मिलर कानांवर नेमबाजीच्या मैदानात वापरतात तसे जाड संरक्षक लावून वाजवत आणि ड्रम्ससमोर पारदर्शक आडोसा उभा केलेला असे. जुन्या गाण्यांवर समाधान मानून ते परतले नाहीत. २००४ ते २०१२ या काळात त्यांनी चार नवे अल्बम काढले, म्हणजे पहिल्या आयुष्यापेक्षा दुसऱ्या आयुष्यात अधिक काम केले. पुनरागमन म्हणावे तर असे.

वायर या लंडनच्या बँडने तर आणखी कठोर भूमिका घेतली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात ते पुन्हा एकत्र आले तेव्हा त्यांना जुनी गाणी वाजवायचीच नव्हती. १९८७ च्या अमेरिका दौऱ्यात त्यांनी आपलीच जुनी गाणी वाजवणाऱ्या दुसऱ्या एका बँडला सोबत नेले. आधी त्या बँडने वायरचा पहिला अल्बम वाजवायचा आणि मग वायरने आपली नवी गाणी सादर करायची, अशी व्यवस्था होती. ज्याला जुने ऐकायचे त्याला जुने मिळाले आणि कलाकारांना नवे करण्याची मोकळीक मिळाली. मला ही कल्पना अतिशय प्रामाणिक वाटते. टॉकिंग हेड्स या अमेरिकन बँडचे चौघे तर २००२ मध्ये एका सन्मान सोहळ्यात काही गाणी वाजवण्यापुरते एकत्र आले आणि त्यांनी दौरा केलाच नाही. चाहत्यांना निराश करणारा तो निर्णयही मला समजू शकतो.

या कसोटीवर गँग ऑफ फोरचा २००५ चा दौरा मला उणा वाटतो. मूळ चौघांनी एकत्र येऊन एकही नवे गाणे मुद्रित केले नाही, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत ॲलन आणि बर्नहॅम पुन्हा वेगळे झाले. इतके ताजे डोके असलेली चार माणसे इराकचे युद्ध सुरू असताना एका खोलीत आली आणि त्या काळावर त्यांनी काही नवे लिहिले नाही, याची मला खंत आहे. सावंतवाडीच्या मित्रांनी दशावताराचा दाखला दिला, पण दशावतारात प्रत्येक रात्री संवाद नवे घडतात, हे त्यांनीच सांगितले आहे.

जाता जाता मिलर यांच्या कानांची गोष्ट तुमच्या बैठकीत अवश्य सांगा. आपल्याकडे विसर्जनाच्या मिरवणुकीत ध्वनिक्षेपकांच्या भिंतीसमोर तासन्‌तास नाचणारी मुले मी दरवर्षी पाहतो. कानाच्या आतल्या सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की त्या माणसात पुन्हा उगवत नाहीत, आणि ऐकण्यावर प्रेम करणाऱ्या गटाने हे सांगितले तर ते ऐकले जाईल.

प्रश्नकर्ता (रत्नागिरी)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. अलिबागकरांची खंत मला खरी वाटते, तरीही माझे मन मालवणकरांच्या बाजूने झुकते. दौरा म्हणजे मुळात वाजवणे. नव्या रचनेची जबाबदारी त्याच्यावर टाकली तर वाजवण्याचे स्वतःचे मोल आपण नाकारतो. १९७९ मधील श्रोते जगभर मोजकेच होते. २००५ मध्ये अमेरिकेतील कोचेला संगीत महोत्सवात समोर उभे असलेले बहुतेक तरुण हे अल्बम आल्यानंतर जन्मलेले होते आणि त्यांना ही गाणी चौघांकडून प्रत्यक्ष ऐकण्याची तीच पहिली संधी होती. आपण कोकणात राहणारे तर पुष्कळसे संगीत नेहमीच उशिरा आणि दुरून ऐकतो. २०२३ मध्ये मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापलूझा हा संगीत महोत्सव झाला तेव्हा आमच्यातले काहीजण रात्रीच्या गाडीने द स्ट्रोक्स या अमेरिकन रॉक बँडला ऐकायला गेले होते. त्या पिढीच्या गिटारांमागे कोण होते ते दाखवणे हाही या बैठकीचा हेतू आहे.

आता एक व्यावहारिक शंका. शब्द इंग्रजीत आणि विषय राजकीय, तेव्हा मराठी अर्थ छापून द्यावा का? आणि सुरुवात कोणत्या गाण्याने करावी? मंचावर किंग मायक्रोवेव्ह ओव्हन दांडक्याने फोडतात ते दृश्य दाखवावे का, याबद्दलही साशंक आहे.

उत्तर (चिपळूण)

ओळीन्‌ओळीचा अर्थ देऊ नका. प्रत्येक गाण्याआधी दोन वाक्यांत विषय सांगा. ‘नॉट ग्रेट मेन’बद्दल एवढेच पुरे की इतिहास थोर पुरुष घडवतात या समजुतीला ते आव्हान देते; यावर तुमच्याकडे तासभर चर्चा होईल. ‘ईथर’मध्ये दोन आवाज आळीपाळीने येतात, एक सुखवस्तू घरातल्या अडकलेपणाविषयी बोलतो आणि दुसरा उत्तर आयर्लंडमधील तुरुंगातल्या छळाविषयी, आणि शेवटी अटलांटिक महासागरातल्या रॉकॉल नावाच्या ओसाड खडकाखाली तेल असेल असा उल्लेख येतो. समुद्र, खडक आणि तेल यांचे राजकारण आपल्या किनाऱ्याला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. अल्बमचे लाल मुखपृष्ठही दाखवा. गोरा काउबॉय आणि मूळनिवासी हस्तांदोलन करत आहेत अशी चित्रे त्यावर आहेत, आणि सोबतचा मजकूर सांगतो की हसणाऱ्या दोघांपैकी एक फसवला जात आहे.

उत्तर (मालवण)

सुरुवात ‘५.४५’ने करा. त्यात किंग यांनी मेलोडिका वाजवली आहे. फुंकून वाजवायचे हे छोटे वाद्य आपल्या पेटीच्याच तत्त्वावर चालते, हवेच्या झोताने धातूची पट्टी कंप पावते आणि सूर निघतो. भजनाचा कान असलेल्या श्रोत्याला तो सूर लगेच ओळखीचा वाटेल, आणि मग गिटारचा कडकपणा तो सहन करेल. विषयही सांगण्याजोगा आहे: संध्याकाळी पावणेसहाच्या बातम्यांत युद्धाचा रक्तपात दिसतो आहे आणि माणूस घरात बसून जेवत तो पाहतो आहे.

त्यानंतर ‘डॅमेज्ड गुड्स’ लावा, कारण ते सर्वांत सोपे आणि नाचरे आहे, मग ‘नॅचरल्स नॉट इन इट’ची जोडी आणि मग ‘ईथर’. ‘अँथ्रॅक्स’ अगदी शेवटी ठेवा. ते गिटारच्या फीडबॅकने उघडते, म्हणजे माईक शिट्टी मारतो तो आवाज, जो बंद करण्यात माझा जन्म चालला आहे. गिल यांनी तोच हातात धरून, वळवून, वाद्यासारखा वापरला. पुढे एकजण गातो आणि त्याच वेळी दुसरा नुसता बोलतो. श्रोत्यांनी यंत्र बिघडले असे समजून उठू नये म्हणून हे आधी सांगून ठेवा.

मायक्रोवेव्हचे दृश्य जरूर दाखवा. ‘ही’ड सेंड इन द आर्मी’ या गाण्यात किंग त्या डब्यावर ठरलेल्या मात्रांवर प्रहार करतात, म्हणजे ते तालवाद्य आहे, मोडतोड नव्हे. २०२५ च्या दौऱ्यात पहिल्या सत्रात त्यांनी ‘एंटरटेनमेंट!’ पूर्ण वाजवला आणि दुसऱ्या सत्रात इतर गाणी घेतली, तेव्हा तुम्हालाही चहाच्या आधी आणि नंतर असे दोन भाग करता येतील. पहिल्या भागात फक्त आवाज ठेवा, पडदा बंद. दुसऱ्या भागात २००५ आणि २०२५ च्या चित्रफिती लावा आणि लोकांना स्वतः ठरवू द्या.

तारीख ठरली की कळवा. माझ्याकडे त्या आठवड्यात जत्रेचे काम नसेल तर मी कुडाळहून सकाळच्या गाडीने येईन. बॉक्स तुमच्याकडचेच वापरू, मिक्सर आणि केबल मी आणतो. सतरंज्या मात्र दुपारीच अंथरून ठेवा, म्हणजे लोक यायच्या आधी टाळी वाजवून पाहता येईल.